डाव्या बाजूने येणारं पाणी

आई,

तुझी गाडी अजून आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुझं पुढच्या ओळींकडे लक्षच लागणार नाही. द्वारकेत आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, कडुलिंबाखाली उभी आहे. वय झालेल्या गाड्यांना दिल्लीत आता बंदी आहे, त्यामुळे ती रस्त्यावर निघत नाही. पण बाबांना ती रस्त्यावर नकोच असते, त्यांना फक्त तिच्यात बसायचं असतं. गेली काही वर्षं त्यांना फारसं आठवत नाही. माझं नाव कधी आठवतं, कधी मी कोणी शेजारीण असते. पण ऊन उतरलं की ते चपला घालतात, खाली येतात आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसतात. तू चालवायचीस आणि ते शेजारी बसायचे, ते आयुष्यभराचं वळण. "ही कुलूप लावून येतेय," असं मला सांगतात. मी हो म्हणते. असं थोडा वेळ बसले की त्यांचा पुढचा वेळ बरा जातो. ज्या दिवशी बसायला मिळत नाही त्या दिवशी ते तुला घरभर हुडकतात, कपाटाची दारंसुद्धा उघडून बघतात आणि मला विचारतात की ती कुठे गेली. तो प्रश्न मला ऐकवत नाही. म्हणून माझा सगळा जीव त्या जुन्या पत्र्यावर टांगलेला आहे.

आणि या पावसाळ्यात ती गाडी जायची वेळ आली. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी यायचं ते तुझ्या वेळेपासूनच, पण आता ते आत साचायला लागलं, गंज धुऊन खाली फरशीवर तांबडे ओघळ यायला लागले. कव्हर घातलं तर बाबा ओढून काढतात. सोसायटीचे सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत, मला बघून रस्ता बदलायचे, कारण बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी बोललेच. "देखिए मैडम, मैं कमिटी को कितना रोकूँ? डेंगू का सीज़न है. या तो ये अंदर से सूखी रहेगी, या कबाड़ में जाएगी." मेकॅनिकला बोलावलं, तर त्याने काचेवर टिचकी मारली, गंज नखाने खरवडून पाहिला आणि हात झटकले. ही काच आता कुठे मिळत नाही, काढताना तडकली तर माझ्या गळ्यात नको, म्हणाला. मी मुलखाची भित्री, ताकही फुंकून पिणारी, हे तुला माहीत आहे. तरी कश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारातून नवं रबर आणलं, नोएडाच्या ऑफिसातून रजा घेतली, आणि मग त्या रबराच्या वेटोळ्याकडे बघत नुसतीच बसून राहिले.

करायचं कसं ते मला ठाऊक होतं, तूच शिकवलं होतंस. तो रविवार अजून दिसतो मला. सरकारी क्वार्टरसमोर गाडी उभी आहे, तू पदर खोचून बॉनेटवर गुडघा टेकला आहेस, मी कॉलेजात आहे आणि आत बसले आहे. काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत तू परकराची नाडी भरली आहेस, साबणाचं पाणी लावून काच बाहेरून दाबून धरली आहेस. मी आतून नाडी ओढत जायची, म्हणजे रबराची आतली कड पत्र्यावर चढत जाते. मला कुठे तरी जायची घाई आहे. मी हिसका देते आणि कड फाटते. तू ओरडत नाहीस, तेच जास्त लागतं. "ओढू नकोस गं, सोडवून घे. केसातला गुंता सोडवतेस ना, तसं." बाबा पायरीवर चहा पीत बसले आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेजाऱ्यांना सांगत आहेत की मी मंत्रालयात फायली हलवतो, घरची गाडी ही हलवते, माझ्याकडे फक्त पाणीपुरवठा खातं आहे. शेजारी हसतात. तूही हसतेस, पण पुढच्या पावसात बाबांच्या पायांवर पुन्हा पाणी येतं तेव्हा हसत नाहीस. वर्तमानपत्र अंथरतेस आणि पुटपुटतेस, "माझ्याच हाताला यश नाही." तुझ्या पोळ्या, तुझं शिवण, तुझं ड्रायव्हिंग, सगळ्यांना यश होतं, पण तू आठवण ठेवलीस ती या काचेची. दर वर्षी रबराची कड वरून नव्याने चिकटवायचीस आणि दर वर्षी हरायचीस.

काच उतरवायला बाहेरून धरणारं कोणी हवं होतं. सेक्रेटरीच आले. "मैं सिर्फ पकड़ूँगा. टूटा तो मेरी ज़िम्मेदारी नहीं," असं बजावून त्यांनी हात पुढे केले. मी जुनं रबर ब्लेडने कापलं, आत शिरले, काचेला गोधडीची घडी लावली आणि तळव्यांनी ढकलायला लागले. ती हलेना. जोर वाढवला की कुठे तरी कट् असं व्हायचं आणि मी थांबायचे. बाबा आपल्या जागेवर बसून होते, उतरायला तयार नव्हते, आणि काच फुटली तर तुकडे त्यांच्या अंगावर येतील ही धास्ती होती. मग ती एकदम सुटली, अख्खी. सेक्रेटरी म्हणाले, "चलो, हो गया," आणि ती सतरंजीवर ठेवून आपलाच घाम पुसत राहिले.

खाली पत्रा पापडासारखा झाला होता. डाव्या कोपऱ्यात तर बोट जाईल एवढं भोक. आणि त्या कोपऱ्यात, रबराच्या आत, काळा चिकट थर होता. मी तो खरवडला तर त्यात अक्षतांचे तांदूळ निघाले, हळदीचा पिवळा डाग निघाला, आणि जाळी उरलेली पानं, एकावर एक दाबलेली. मी ती हातात घेऊन बघत राहिले. दसऱ्याची पानं होती. आपटा इथे सहजी मिळायचा नाही, म्हणून आपण रस्त्याकडच्या कांचनाची पानं सोनं म्हणून वाटायचो. गाडीची पूजा झाली की पहिलं पान बाबा गाडीला द्यायचे. त्यांच्या सीटसमोरच्या कोपऱ्यात किल्लीने रबराची कड उचलून ते आत सारायचे आणि म्हणायचे, सोन्यासारखी रहा. आपल्यासमोरच करायचे, गं. आपण नारळ, पेढे यांत असायचो. तू पावसाआधी रबराची कड चिकटवायचीस आणि दसऱ्याला बाबा ती भक्तिभावाने उचकटायचे. मग पाणी शिरायचं, पानं ते धरून ठेवायची आणि पत्रा आतल्या आत खात जायचा. आई, तुझा हात कमी पडला नव्हता. तुला हे सांगता आलं नाही याचं मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच पार्किंगमध्ये रडले. सेक्रेटरींना वाटलं, भोक बघून रडतेय. "अरे, भर जाएगा," म्हणाले.

भरलं. गंज घासून काढला, भोकावर पत्र्याचा तुकडा लावून लांबीची पुट्टी भरली, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारलं, सुकू दिलं. नाडी माझ्याच जुन्या परकराची. सेक्रेटरी बाहेरून दाबत होते आणि मी तुझ्या सीटवर बसून नाडी सोडवून घेत होते, श्वास रोखून, बोट बोट. डाव्या कोपऱ्याशी हात पोचेना, तर बाबांनी नाडी माझ्या हातातून घेतली आणि कड तेवढी वळवली. मग पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. पाइप लावून काचेवर पाणी सोडलं. एक थेंब आत आला नाही. कमिटीची माणसं येऊन चटईखाली हात घालून गेली, हो म्हणाली. मला वाटलं, आता निभावलं.

त्या संध्याकाळी बाबा येऊन बसले. पाय टेकवले, उचलले, पुन्हा टेकवले. खाली वाकून चटई चाचपली.

"कोणाची गाडी आहे ही?"

"आपलीच, बाबा."

"छे. आपल्या गाडीत पाणी येतं," म्हणाले, आणि उतरून चालू लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात पुन्हा दारं उघडून बघणं, पुन्हा तोच प्रश्न. मी रबराला हात लावून बघत होते. एवढं जीव मुठीत धरून केलं ते याचसाठी का?

आता मी त्यांच्या आधी खाली जाते. कोणी बघत नाही ना ते पाहते आणि त्यांच्या पायाखालच्या चटईवर तांब्याभर पाणी ओतते. ते बसतात, पाय वर घेतात, तुझ्या सीटकडे बघून "आलं बघ पाणी" म्हणतात आणि खूश होतात. ते वर गेले की मी फडक्याने पुसून घेते. तरी ओल राहतेच, खालचा पत्रा एक दिवस जाणारच, आणि सेक्रेटरींनी चटई उचलली तर काय तोंड दाखवू हे कळत नाही. हे इथे कोणाला सांगण्यासारखं नाही आणि तुझ्यापर्यंत पोचवायची सोय नाही, म्हणून लिहून माझ्याजवळच ठेवते आहे. तू ज्या पाण्याशी जन्मभर भांडलीस ते मी अखेर बंद केलं, आई, आणि आता रोज माझ्या हाताने आत सोडते.