अकरा शिंपी आणि एक दगड

जुने शहर, अकोला
रविवार

सॅमसन भावजींना तुमच्या वहिनीचा शालोम.

तुमचे गुडघे, नाओमीचं ब्लडप्रेशर आणि तिकडे परदेशात तुमच्या गावचे हल्ल्याचे भोंगे, हे पत्र पोहोचेल तेव्हा तिन्ही शांत असोत. मी बरी आहे. दोन वेळा जेवते, शुक्रवारी दिवा लावते आणि तुमचे दादा जे तोंडपाठ म्हणायचे ते पुस्तकात बोट ठेवून म्हणते. (चुकतं. पण चुकलं म्हणून सांगणारं माणूस गेलं त्याला दहा महिने झाले, तेव्हा बरोबरच धरायचं.)

तुम्ही पाठवलेलं ज्यू आडनावांचं इंग्रजी पुस्तक संपलं. सातवी शिकलेल्या बाईला शब्दकोश मांडीवर घेऊन चार महिने लागले. झिराडकर या आपल्या आडनावामागे कोणता धंदा दडला आहे ते शोधा, वंशावळीत घालायचा आहे, असं तुम्ही लिहिलं होतं. काहीही दडलेलं नाही. झिराड हे अलिबागजवळचं गाव. आपले पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पण आडनाव पडलं ते गावाचं. ते गाव मी पाहिलं नाही, दादांनी पाहिलं नाही, आणि तुम्ही एकदा एसटीने त्यावरून गेलात तेव्हा झोपलेले होतात.

युरोपातल्या ज्यूंचं निराळं. त्यांच्यातल्या पुष्कळांना आडनावच नव्हतं. सरकारने हुकूम काढला तेव्हा अनेकांच्या नावापुढे कारकुनाने सरळ धंदा लिहून टाकला. पोथी लिहिणारा तो सोफर, जनावर कापणारा तो रेझनिक. शिंप्याला तर देशोदेशी नावं: कुठे श्नायडर, कुठे पोर्टनॉय, कुठे क्रावेत्स, अरबी बोलणाऱ्यांत खय्यात. (हे शेवटचं मी कुर्बानभाईंना मोठ्या कौतुकाने सांगितलं. दादांच्या दुकानासमोर शिवतात ते. म्हणाले, "खय्यात तं मले ठाऊक होतं, भाभी. तुमाले चार महिने काहून लागले?")

आता दगडाचं. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी अमरावतीला दादांच्या कबरीचा दगड करायला टाकला, "एलिजा झिराडकर" एवढीच अक्षरं. कुर्बानभाईंचा शाकीब तिकडेच नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे, त्याने तो टेम्पोत घालून आणला. आम्ही तिघं दगड घेऊन ख्रिस्ती दफनभूमीत गेलो (आपल्या लोकांची इथे वेगळी जागा नाही, त्यांनी भिंतीकडचा कोपरा दिला, हे तुम्हाला ठाऊक आहे). तिथल्या कारकुनाने वही उघडली, बोट वरून खाली नेलं, खालून वर आणलं आणि म्हणाला, "झिराडकर इथं कोनी नाई. दुसरीकडे पाहा." मी म्हटलं, ते काय, कडुलिंबाखाली आहेत, मला इथून दिसतात. तो म्हणाला, "तिथं मशीनवाले हायेत, बाई. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचा दगड मी कसा लावू देऊ?"

आणि वही फिरवून दाखवली. एलिजा मशीनवाले, धर्म यहुदी. दादा गेले तेव्हा मला उठवत नव्हतं, म्हणून जागेचं बघायला कुर्बानभाई गेले होते, आणि त्यांनी तेच नाव सांगितलं होतं. दादांनी एकेचाळीस वर्षं या गावाच्या शिवणयंत्रांना तेलपाणी केलं. गावाला दुसरं नाव माहीत नव्हतं. कुर्बानभाई आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "भाऊ म्हनत गेलो, भाभी. आडनाव इचारायची येळच नाई आली." मला हसू आलं. दहा महिन्यांतलं पहिलं, आणि तेही नको त्या जागी. चार महिने पुस्तकात वाचलं, तेच त्या वहीत एका ओळीत झालेलं होतं.

दगड वीस दिवस कुर्बानभाईंच्या दुकानात पडून होता. गिऱ्हाईकं त्यावर चहाचे कप ठेवत. एकजण तर त्यावर बसून पँटची लांबी वाढवून मागत होता. माझ्या नवऱ्याच्या नावावर बसला आहात, हे मी त्याला सांगितलं नाही. चांगला माणूस दिसत होता, पँट खरंच आखूड होती.

आता तुमची तक्रार कद्दीशची. मेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना दहा ज्यू पुरुष हजर नसतील तर धरली जात नाही, आणि मुंबईहून दहा जण जमवल्याशिवाय तुम्ही वर्षदिनाला येणार नाही, असं लिहिलंत. भावजी, दादांना पुरलं त्या दिवशी अकरा जण उभे होते. अकराही शिंपी. दुकानं बंद करून आले होते. तुमच्याच पुस्तकाने बघितलं तर अकरा श्नायडर झाले. तुम्ही तिकडून फोनवर म्हणत होतात, मी फोन कानाला धरून होते, मी मान हलवली की ते आमीन म्हणत. आमीन कोणाला शिकवावं लागलं नाही. खुशालराव दोनदा उशिरा म्हणाले, पण त्यांचे कपडेही उशिराच मिळतात.

तेव्हा माझी एक विनंती आहे. दगड उलटा करून मागच्या बाजूला "एलिजा मशीनवाले" कोरावं, आणि झिराडकर भिंतीकडे तोंड करून राहू द्यावं. दुकानाची पाटी वाटेल, असं तुम्ही म्हणाल. वाटू दे. तुमची परवानगी असावी.

नाओमीला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
लेआ

ता. क. परवानगी मागितली, पण दगड परवाच बसवला. अक्षरं चांगली आली आहेत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. दफनाच्या दिवशी फोनवर सगळं नीट ऐकू आलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नाही. दुसऱ्या ओळीनंतर आवाज गेला. पडद्यावर मिनिटं तेवढी पुढे सरकत होती. तुम्ही तिकडे रडत म्हणत असाल, आणि इथे अकरा माणसं माना खाली घालून तिरक्या नजरेने माझ्याकडे लक्ष ठेवून होती. मी अंदाजाने मान हलवत राहिले. ते आमीन म्हणत राहिले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कुर्बानभाईंनाही नाही. दादांची कद्दीश अर्धी राहिली आहे. मला ती येत नाही, त्या अकरांना येत नाही. दहा जणांचं राहू द्या. तुम्ही एकटे या, आणि उरलेली म्हणा.