चिंचेवरचं मोहोळ आणि दोन एकर सूर्यफूल

मी वच्छलाबाई रामहरी नवले, वय अंदाजे छासष्ट, राहणार पाली, तालुका जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाविना हे मृत्युपत्र आमच्या तेलबिया सोसायटीचे सचिव आप्पाराव यांच्याकडून लिहवून घेते. चित्त ठिकाणावर आहे.

१. राहतं घर आणि बैलजोडी मुलगा त्रिंबक याला. फवारणीचा पंप मात्र मोडीत घालावा.

२. त्याचं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. चार वर्षांमागे चिंचेवरचं आग्यामोहोळ उठलं आणि त्यात माझे मालक गेले. पुढच्या उन्हाळ्यात सूर्यफूल ऐन फुलोऱ्यात असताना मी भर सकाळी औषध मारलं. नाव किडीचं केलं, मनात सूड होता. बांधावर माश्यांचा सडा पडला. शेत लई देखणं होतं. झाडून सगळी फुलं उगवतीकडे तोंड करून, आणि प्रत्येकात दाण्यांच्या ओळी कडेपासून मध्यापर्यंत गोल वळत गेलेल्या. मळणीत सगळं पोचट निघालं. त्रिंबक म्हणाला, "माय, नुसती फोलपटं हायेत. दाना कुटं गेला?" माश्या मी मारल्या म्हणून दाणा भरला नाही, हे मला ठाऊक होतं.

३. नंतरचे दोन उन्हाळे मी आणि सून तुळजा हाताला मऊ फडकं गुंडाळून रोज सकाळी एकेक फूल चोळत होतो, माश्यांचं काम हातांनी. आता माझे खांदे उचलत नाहीत आणि तिचा अर्धा दिवस पाण्यापायी जातो.

४. या महिन्यात मोहोळ परत आलं. त्रिंबकने पलिते बांधून ठेवलेत. म्हणतो, "बापाला मारलं त्यांनी. उद्या दिवस बुडला की जाळतो." मीही घोंघावणं ऐकलं की घरात शिरून दार लावून घेते. तरी ती चिंच आणि सूर्यफुलाचं शेत मी तुळजाच्या नावे करते. मोहोळ जाळलं, तर दोन्ही लिंबागणेशला दिलेल्या माझ्या लेकीला, छबूला, जावं.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे आप्पारावांनी उद्या दुपारीच त्रिंबकला वाचून दाखवावं, दुसऱ्या कलमासकट. तोंडाने सांगायची माझी छाती नाही. मी आतून कडी लावून बसेन. तो काय म्हणाला, ते मला कुणी सांगू नये.

वाचून दाखवलं, बरोबर आहे, म्हणून अंगठा दिला.

निशाणी अंगठा: वच्छलाबाई रामहरी नवले
साक्षीदार: १. मैनुद्दीन शेख, इंजिन मिस्त्री २. गहिनीनाथ म्हाळू जगताप
पाली, ४ एप्रिल १९८७