एफ-वन दाबलं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला नाही. टूं टूं केलं आणि गप्प. घाबरण्यासारखं काही नाही. एमएस-सीआयटीला मला ब्याऐंशी टक्के होते. डहाणूच्या आमच्या ऑफिसात प्रिंटर अडला की मलाच, म्हणजे विष्णूसाहेबांनाच, हाक येते.
बायकोचा, अहिल्येचा, शब्दकोश आत आहे. तलासरीकडच्या शाळेत शिकवताना अकरा वर्षं तिने वारली बोलीतले शब्द जमवले. बहुतेक सगळे तिथल्या पाड्यावरच्या रूपीआजीने सांगितलेले. येत्या सोमवारी फाइल प्रेसला द्यायची आहे. तिला सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो.

मंगळवार, ४
प्लग बदलला. वायरी काढून परत लावल्या. बाजूने दोन चापट्या मारल्या (हलक्या). अहिल्या म्हणाली, सरावलीच्या सुदर्शनला बोलवू, तो रिपेअरिंगच करतो. म्हटलं, पोरगा दहावीत माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला होता, तो मला काय शिकवणार?

बुधवार, ५
कॅबिनेट उघडलं. आत मुंग्याच मुंग्या! कच्चे चिकू मी कॅबिनेटवर पिकायला ठेवतो. ऊब चांगली मिळते, दोन दिवस आधी पिकतात. एक मागच्या बाजूला पडून पिचला होता. यात पद्धतीचा दोष नाही, चिकूचा आहे.
मुंग्या ब्रशने झाडल्या. रॅम खोडरबरने घासली. तीन स्क्रू उरले, कंपनी जास्तच देत असणार.
पडदा उजळला! काळ्यावर पांढरं इंग्रजी: तारीख-वेळ चुकली आहे, एफ-वन दाबा. एफ-वन म्हणजे हेल्प, हे मला कोर्सपासून पाठ आहे. मदत मागायची वेळ अजून आलेली नाही. बंद केला.
अहिल्येने खुशीने शिरा केला. दोनदा घेतला.

गुरुवार, ६
अहिल्येने विचारलं, माझ्या जुन्या वह्या कुठे आहेत? वाटलं तर त्यावरून परत टाइप करते.
वह्या दिवाळीत रद्दीत गेल्या. मीच दिल्या. सगळं कॉम्प्युटरमध्ये असताना कपाट कशाला अडवायचं, असा विचार होता. आणि तो विचार बरोबरच होता, तेव्हा.
तिला सांगितलं. तिने कपाट उघडून बघितलं. मग म्हणाली, सुदर्शनला फोन कर. म्हटलं, रविवारपर्यंत दे. आता हा माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे.

शनिवार, ८. दुपार
ऑफिसातून विंडोजचा पेनड्राइव्ह आणला. यूट्यूबवरचा एक भाईसाब सगळं सांगतो. मध्ये कॉम्प्युटरने विचारलं, डेटा पुसला जाईल, चालेल? साहजिक आहे, बिघडलेला डेटा पुसल्याशिवाय सुधारणार कसा? यस दाबलं. मुळापासून साफ व्हावं म्हणून हे तीनदा केलं.

संध्याकाळी ६.४०
सुरू झाला!! निळा डोंगर, तळं, सगळं चकाचक. अहिल्येला हाक मारली. ती पीठ मळता मळता आली आणि खुर्चीवर बसली. इथे शोधलं, तिथे शोधलं. माउसला पीठ लागलं. मी म्हणालो, येईल, लोड होत असेल.
ती उठून गेली. पोळ्या झाल्या नाहीत.

रविवार, ९
सुदर्शन आला. काका, एकदा फॉरमॅट केलं असतं तर काहीतरी काढता आलं असतं, म्हणाला. तीनदा का केलंत? मग विचारलं, मुंग्या झाडल्यावर स्क्रीनवर काय आलं होतं? सांगितलं. म्हणाला, तेव्हा एफ-वन दाबलं असतं तरी सुरू झाला असता. फाइल होती तिथेच होती.
पैसे घेतले नाहीत. निघताना माझ्या पाया पडला. त्या नमस्काराचं फार वाईट वाटलं.

सोमवार, १०
अहिल्येने प्रेसला फोन करून पुस्तक होणार नाही असं सांगितलं. रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने तलासरीला गेली. रूपीआजीची ऐंशी उलटली आहे, यंदा अंथरुणाला खिळली. पावसाळ्यापर्यंत आठवेल तेवढं सांगते म्हणाली आहे.
मीही येतो म्हटलं. अहिल्या म्हणाली, नको. तिच्यापुढे काय सांगणार आहेस?
खरंच, काय सांगणार होतो?
कॉम्प्युटर आता वीस सेकंदांत सुरू होतो. सुरू करून बसलो. उघडायला काहीच नव्हतं. बंद केला.