सहाची बॅच

गुरुवार, ६ नोव्हेंबर. साप्ताहिक सुट्टी.
ही रोजनिशी कुणी वाचणार नाही, म्हणून हिच्यात खरं तेच लिहायचं ठरवलंय. पहिलं खरं : मी माणसं जोडून ठेवणारा माणूस आहे.
चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं आम्ही तिघं कॅन्टीनच्या सात नंबर टेबलावर जेवलो. मी प्लॅनिंगला, सुजित क्वालिटीला, बरकत मेंटेनन्सला. साडेबाराची बॅच. एक दिवस चुकला नाही. याचं श्रेय माझ्याकडे जातं, कारण साडेबाराला दोन मिनिटं असताना मी दोघांना फोन करायचो.
दोन वर्षांपूर्वी सुजित तळेगावच्या कंपनीत गेला. मार्चमध्ये बरकत रिटायर होऊन थेरगावला गॅरेज बघायला लागला. आता सात नंबरला मी एकटा असतो. त्रास काही नाही. एकट्याने जेवलं की जेवण नीट चावलं जातं.
आता तिघं बायकांसह क्रूझला चाललोय. आठ डिसेंबर, मुंबईहून, चार रात्री. कल्पना सुजितची, पण तिला आकार मीच देणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. रात्रीच्या जेवणानंतर, ७.३५.
क्रूझचं बुकिंग बरकतच्या भाच्याकडे आहे. आरिफ, पिंपळे सौदागरला ऑफिस. त्याने फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न : डिनर सीटिंग फिक्स्ड की फ्लेक्झिबल?
फिक्स्ड म्हणजे रोज तेच टेबल, तीच वेळ, तोच वेटर. फ्लेक्झिबल म्हणजे सहा ते दहा कधीही उगवा आणि रिकामं दिसेल तिथे बसा.
याला प्रश्न म्हणतात? दुसऱ्या पर्यायाला आमच्याकडे बेशिस्त म्हणतात.
फिक्स्डमध्ये दोन बॅच. सहा आणि साडेआठ. इथे अनुभव कामी येतो. पहिल्या बॅचला पनीर मिळतं, शेवटच्या बॅचला पनीरची ग्रेव्ही. हे जगातल्या कुठल्याही कॅन्टीनला लागू आहे, मग ते पाण्यावर का असेना.
सहाची बॅच. विषय संपला.

रविवार, ९ नोव्हेंबर.
आमच्याकडे, संत तुकाराम नगरला मीटिंग घेतली. सहाही जण हजर. मी लॅपटॉपवर चार स्लाइड दाखवल्या.
सुजित म्हणाला, सया, तिथं पाचला चहा, केक, भजी असतंय म्हणे, सहाला जेवण कुठं उतरणार राव? मी म्हटलं, मग चहा चारला घे. तो म्हणाला, बघू की.
बरकत म्हणाला, सयाजीराव, तुम्ही म्हणाल तसं, पण तिकडं सूर्य सहालाच बुडतो, माझी मगरिबची नमाज त्याच टायमाला. मी म्हटलं, समुद्रात आडवं काही नसतं, सूर्य उशिरा बुडत असेल. त्याने नजमावहिनींकडे पाहिलं. वहिनी बशी पुसत होत्या.
सुजितची दिपाली म्हणाली, भावजी, सुट्टीवर चाललोय ना आपण? मी म्हटलं, म्हणूनच.
रुपाली काही बोलली नाही. अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे, तिचं मौन म्हणजे होकार हे मला कळतं.
सर्वानुमते फिक्स्ड, सहाची बॅच. मिनिट्स लिहून ग्रुपवर टाकले. तीन अंगठे, एक हात जोडलेला. असं एकमत कंपनीत बघायला मिळत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सुट्टी.
आरिफकडे गेलो. म्हटलं, सहाही जणांचं फिक्स्ड टाक. तो म्हणाला, अंकल, हल्ली प्रत्येक पॅसेंजरला वेगळी लिंक जाते, ज्याचं त्यानं भरायचं. मला ही सिस्टीम पटली नाही. मी स्वतःचं तिथेच भरलं.
रुपालीला म्हटलं, आण, तुझंही भरून देतो. म्हणाली, राहू दे, मी भरते. तिने मोबाईलवर स्वतःहून फॉर्म भरला. कौतुक वाटलं. मी दिलेल्या प्रोत्साहनाचा हा परिणाम.
संध्याकाळी एक्सेलमध्ये टेबलाचा नकाशा केला. माझ्या उजवीकडे सुजित, डावीकडे बरकत, सात नंबरला बसायचो तसेच. बायका समोर. सहा लॅमिनेटेड कार्डं करून घेतली, नावं घालून.
एक गोष्ट इथेच लिहितो. कार्डं बॅगेत ठेवताना छाती भरून आली. दोन वर्षांनी तिघं एका टेबलावर बसणार. त्या दोघांना ही उणीव किती जाणवत असेल याची मला कल्पना आहे.

सोमवार, ८ डिसेंबर. जहाजावर. दुपारी ४.
जहाज मोठं आहे. लिफ्टला गर्दी होती, मी रांग लावून दिली.
चहाला सगळे भेटले. सुजितने तीन केक खाल्ले. मी त्याला घड्याळ दाखवलं. तो हसला.
संकल्प : ५.४० ला डायनिंग हॉलच्या दारात.

त्याच दिवशी. ७.१०.
५.४० ला दारात होतो. सहाला दार उघडलं. टेबल नंबर ४२, सहा खुर्च्या. कार्डं मांडली. वेटर मणिपूरचा, सभ्य माणूस. विचारलं, बाकी लोग? मी म्हटलं, आते हैं.
रुपाली सूर्यास्त बघून येते म्हणाली होती. सहा पाचला सूर्य बुडाल्याची घोषणा झाली. ती आली नाही.
साडेसहाला मी पाचही जणांना फोन लावले. समुद्रात रेंज नाही हे माहीत होतं, पण आपलं कर्तव्य आपण करावं.
सूप प्यालो. मग जेवलो. पनीर होतं. भरपूर होतं.
त्यांना हॉल सापडला नसणार. जहाज मोठं आहे.

त्याच दिवशी. ८.५०.
पाय मोकळे करायला गेलो. सहज पाचव्या मजल्यावर. तिथे फ्लेक्झिबलवाल्यांचा हॉल आहे. काचेचा.
आत पाचही जण. एका गोल टेबलाभोवती.
सुजित टेबलावर थापा मारून हसत होता. बरकत डोळे पुसत होता, हसूनच. आणि बोलत होती रुपाली. हात हलवून काहीतरी गोष्ट सांगत होती. अठ्ठावीस वर्षांत जेवताना तिने कधी गोष्ट सांगितलेली मला आठवत नाही. आमच्याकडे जेवताना मी बोलतो.
परक्यांनी केलं असतं तर चाललं असतं. फार लागलं. एवढंच लिहितो.

मंगळवार, ९ डिसेंबर.
केबिनमधून फारसा बाहेर पडलो नाही. गोवा आलं आणि गेलं.
सकाळी रुपाली म्हणाली, अहो, सगळ्यांनीच फ्लेक्झिबल भरलं होतं. मीटिंगमध्ये सांगूनही तुम्ही ऐकलं नाहीत, आणि मग तोंडावर सांगायला कुणाचा धीर झाला नाही. मला वाटलं दिपाली सांगेल, तिला वाटलं मी सांगेन. मी म्हटलं, मिनिट्सवर अंगठे आहेत तुमचे. ती बाथरूममध्ये गेली.
भावनेच्या आहारी जाण्यापेक्षा कारणमीमांसा करावी. कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारतो, तसं.
का १ : टेबलावर कुणी का आलं नाही? सगळ्यांनी फ्लेक्झिबल भरलं म्हणून.
का २ : का भरलं? सहाला जेवायचं नव्हतं म्हणून.
का ३ : मग मीटिंगमध्ये का नाही बोलले? बोलले. सुजित चहाचं बोलला. बरकत नमाजचं.
का ४ : मग मिनिट्समध्ये ते का नाही? कारण मिनिट्स मी लिहिले.
का ५ : समुद्राच्या हवेने पेन नीट चालत नाहीये.
निष्कर्ष : चूक सिस्टीमची. वेगळ्या लिंक पाठवायलाच नको होत्या. आरिफशी बोलावं लागेल.
संध्याकाळी सहाला टेबल ४२. एकटा. स्वाभिमान म्हणून कार्डं पुन्हा मांडली.

बुधवार, १० डिसेंबर. सायं. ७.
आजचा प्रकार लिहायला हात धजत नाही.
माझ्या टेबलावर पाच खुर्च्या रिकाम्या राहतात म्हणून हॉलवाल्यांनी तिथे एक कुटुंब बसवलं. आक्काबाई नावाच्या सत्तरीच्या बाई, सांगलीच्या, सोबत मुलगा, सून, लेक, जावई. त्यांनीही फिक्स्ड घेतलेलं. मला आधी आनंद झाला. शिस्तीचे लोक.
बाई आल्या, मी बसलो होतो ती खुर्ची पाहिली आणि म्हणाल्या, उठा बाळ, इथं आमचे जावई बसत्यात. मी म्हटलं, हे टेबल पहिल्या दिवसापासून माझं आहे. त्या म्हणाल्या, व्हय, पर जावई खांबाकडं पाठ करून बसत न्हाईत. मी कडेला सरकलो. मग त्यांनी माझी लॅमिनेटेड कार्डं गोळा केली आणि एक टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातलं. बहुतेक सुजितचं.
जेवताना बाईच बोलत होत्या. कुणी किती भात घ्यायचा हेही त्याच सांगत होत्या. लेक मान खाली घालून जेवत होती. जावई तर ताटाला बोलत असल्यासारखा हो हो म्हणत होता.
कसली माणसं असतात. सगळ्यांना वेठीला धरायचं आणि वर समजायचं की आपण घर एकत्र ठेवलंय.

गुरुवार, ११ डिसेंबर. शेवटची रात्र. १०.१५.
आज सहाला हॉलमध्ये गेलो नाही. आक्काबाईंच्या भीतीने नाही. भूक नव्हती.
आठला पाचव्या मजल्यावर, काचेबाहेर, समुद्र बघत उभा होतो. नजमावहिनींनी पाहिलं. बाहेर येऊन म्हणाल्या, भाईसाब, आत या ना, खुर्ची तर पहिल्या दिवसापासून ठेवलीय. खरंच सहावी खुर्ची होती. तिच्यावर दिपालीची पर्स होती, ती तिने उचलली.
बसलो. कुणी विषय काढला नाही. मीच म्हटलं, बावीस वर्षं एकत्र जेवलो, असा दगा? सुजितने चमचा खाली ठेवला. म्हणाला, सया, बावीस वर्षं तू फोन केलास की हातातलं टाकून पळालो. भूक असो नसो. तळेगावला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी दोनला जेवलो, भूक लागल्यावर. काय गोड लागलं म्हणून सांगू. तुझ्यावर राग नाही रे, तू पाहिजेसच. ते घड्याळ नको.
बरकत म्हणाला, मी तर सोमवारी नमाज झाल्यावर खाली येणार होतो तुमच्याकडे. जिन्यापर्यंत आलो. मग वाटलं, अर्ध्या तासाचं लेक्चर होईल. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी काढला नाही.
मी रुपालीला विचारलं, सोमवारी कसली गोष्ट सांगत होतीस? ती नको म्हणत होती, दिपालीने आग्रह केला. गोष्ट महाबळेश्वरची. लग्नानंतर आठव्या दिवशी सूर्यास्त बघायला गेलो होतो. सूर्य अर्धा बुडाला होता आणि मी म्हटलं, चल, सातला हॉटेलचं जेवण सुरू होतं. उरलेला अर्धा सूर्य तिने या सोमवारी पाहिला.
सगळे हसले. ती पण. मी हसायला थोडा उशीर केला.
केबिनमध्ये आल्यावर विचारलं, तुला भूक कधी लागते? तिला प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारलं. म्हणाली, साडेआठच्या सुमाराला. लग्नाआधीपासून. मी म्हटलं, मग इतकी वर्षं सातला का जेवलीस? म्हणाली, तुम्ही एकटे ताटावर बसलेले मला बघवत नाही.
दोन संध्याकाळी मी एकटा बसलो होतो, हे ओठांवर आलं होतं. बोललो नाही. रोजनिशीत लिहितो : तिला ते या वेळी बघवलं.

रविवार, १४ डिसेंबर. घरी.
माणूस बदलू शकतो, नव्हे, झटकन बदलू शकतो, याचं मी उदाहरण आहे. आजपासून घरात फ्लेक्झिबल. उद्यापासून मी साडेआठला रुपालीबरोबर जेवणार. हे तिला सांगणार नाही. अचानक कळू दे. काय वाटेल तिला, या विचाराने आत्ताच बरं वाटतंय.
सुजित आणि बरकतला महिन्यातून एकदा जेवायला बोलवायचं. वेळ त्यांनी ठरवायची. सात ते साडेआठच्या मध्ये कुठलीही.

सोमवार, १५ डिसेंबर. रात्री ८.५५.
कंपनीतून साडेसहाला आलो. रुपाली घरी नव्हती. ओट्यावर सगळं झाकून ठेवलेलं. वांग्याची भाजी, भाकरी, वाटीत ठेचा.
सात वाजले. बसलो नाही. सोपं नव्हतं. दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आलो, पण झाकण उचललं नाही. दोन ताटं घेतली, दोन पेले भरले, समोरासमोर मांडले.
आठच्या सुमाराला एक नवल घडलं. भूक लागली. खरी, पोटातून आलेली. सातला लागते ती भूक नसते, सवय असते, हे पंचावन्नाव्या वर्षी कळलं. ती आली की आधी हेच सांगायचं ठरवलं. वाक्यही जुळवून ठेवलं.
साडेआठ वाजले. दाराकडे कान.
आठ चाळीसला फोन आला. मागे हॉटेलचा गलका, सुजितचा आवाज ओळखू आला. म्हणाली, अहो, दिपालीकडे पिंपळे सौदागरला आले होते, बरकतभाई आणि नजमाही आलेत, सगळे मिळून बाहेर जेवतोय. तुम्हालाही बोलावणार होतो, पण म्हटलं, तुमचं तर सातलाच झालं असणार. झालं ना?
समोर दोन ताटं. दोन्ही पालथी.
म्हणालो, हो, सातलाच.
म्हणाली, वाटलंच मला. आणि कुणालातरी म्हणाली, जेवले ते, काळजी नाही.
फोन ठेवला. पोटात कावळे ओरडतायत. नऊ वाजायला आले. भाजी गरम करायची की तशीच खायची, ते ठरत नाहीये.