तिसरं तिकीट

प्रिय बारके,

मुलांची तिकिटं हातात पडली असतील. नसतील तर त्या तिकीटवाल्याच्या मागे लाग, तुझ्या तगाद्याला तो घाबरतो, माझ्या नाही. मंगळवारी त्याचा फोन आला तेव्हा मी लॉन्ड्रीत चादरी इस्त्रीला लावत होते. घरघरीत काही ऐकू येईना म्हणून जिन्यात गेले. तो म्हणाला, "काळजी करू नका, थोरल्याच्या तिकिटाचे वरचे पैसे मुलांच्या आईनं भरलेत." मी म्हटलं, आई मीच बोलतेय.

चूक माझीच. त्यानं वयं विचारली आणि मी अकरा न् सात असं ठोकून दिलं. थोरल्याला बारा पूर्ण होऊन महिना झालाय, म्हणजे त्याला मोठ्यांचं तिकीट. त्या दिवशी मीच फोनवर गाणं म्हटलं होतं, सायकलीचे पैसे पाठवले होते, तरी! चार वर्षांपूर्वी त्यांना तुझ्याकडे सोडून इथे आले, पण माझ्या डोक्यात ती अजून तेवढीशीच आहेत. तू पासपोर्ट दाखवायला गेलीस, घोळ पाहिलास, निस्तरलास आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर निदान भांडता आलं असतं.

आता खरं सांगते. मी तुझ्यावर जळते गं. पैसे मी पाठवायचे आणि बुटाचं माप तुला ठाऊक. धाकटीचा दात पडला, ते मला फोटोत दिसलं. फोनवर बोलता बोलता ती मान वळवून तुलाच विचारते, आईला अजून काय सांगू? आणि ते लाल जॅकेट आठवतं? मी पाठवलं, तू थोरल्याला ते घालून हसरा फोटो धाडलास. दिवसभर कापडच हाताळते मी, बाहीला जोडलेली पट्टी मला दिसणार नाही होय? तोकडं झालं हे मला कळू नये म्हणून शिवत बसली असशील. त्या दिवशी तुझा इतका राग आला की जेवले नाही. इतकं चांगलं वागायला तुला सांगितलंय कुणी?

तू म्हणालीस, मी पोचवायला येते. मी म्हटलं, तिसऱ्या तिकिटाला पैसे नाहीत, विमान कंपनीची बाई हाताला धरून आणते मुलांना. बारके, पैसे होते. केव्हाचे बाजूला काढलेले होते. पण डोळ्यांसमोर सारखं एकच यायचं, की तुम्ही तिघं बाहेर येताय आणि ती दोघं तुझ्या मागे दडून माझ्याकडे पाहताहेत, पाहुणी बघावी तशी. त्यापेक्षा परक्या बाईचा हात बरा. तो सोडून मुलं माझ्याकडे धावली तरी असती.

काल धाकटीनं विचारलं, मावशीची जागा खिडकीपाशी आहे की माझी? तू येणार नाहीस हे तू तिला सांगितलंच नाहीस. माझा खोटेपणा तिच्यापासून तूच झाकत बसलीस. आवाज येत नाही असं म्हणून मी फोन ठेवला.

तर या पाकिटात तुझं तिकीट आहे आणि व्हिसासाठी लागणारं माझं पत्रही. खिडकी धाकटीला दे, नाहीतर रुसेल. फक्त एक कर माझ्यासाठी. विमानतळावर शेवटी काचेचं दार लागतं, आपोआप उघडणारं. त्याच्या अलीकडे बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली वाक, आणि त्यांचे हात सोड. चार पावलं त्यांना एकट्यानं येऊ दे माझ्याकडे. मग तू ये, मी आहेच तिथे.

तुझीच, जळकी
ताई