गप्प राहण्याची ओळ

हॉलिस फेरी, टेक्सस
२० जून

प्रिय क्लीओटिस,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. इकडे सगळे बरे आहेत. उन्हात उभं राहून पाय सुजलेत, लाल सरबत फक्कड झालं होतं, आणि तुमच्या कमिटीनं भाजलेल्या डुकराच्या बरगड्या यंदा वातड होत्या. कुणीतरी सांगायलाच हवं.

तुझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे, कळतं मला. आईनंतर बावीस वर्षं दर एकोणीस जूनला, जूनटीन्थला, पार्कात आपल्या लोकांची गुलामी संपल्याचा हुकूम मीच वाचते. 'सुटलेल्यांनी आहेत तिथेच गप्प राहून मजुरी करावी' ही त्यातली ओळ आली की सगळे पातेल्यांची झाकणं बडवतात, ती ऐकूच येऊ देत नाहीत. यंदा मंडप कोंबडी-कारखान्याच्या पैशांचा, पुढच्या रांगेत त्यांचे साहेब. तेव्हा ओळ गाळ, असं तू म्हणालास. माझा जार्विस तिथेच कामाला आहे आणि मुकादमाची जागा रिकामी आहे, हेही तूच ऐकवलंस. मी हो म्हटलं. शब्द दिला होता, नाकारत नाही.

पण ओळ समोर आली आणि माझ्याच्यानं गाळवेना. सावकाश, अक्षरन् अक्षर वाचली. कुणीच वाजवलं नाही. तू घरोघरी बजावून आला होतास ना! सगळं पार्क मांडीवर हात ठेवून बसलेलं. त्याच कारखान्यात एकतीस वर्षं मी तोंड मिटून कोंबड्या कापल्या, त्याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

मग मागून आवाज आला, "आई, परत वाच."

जार्विस होता. अंगात कारखान्याचा शर्ट, हातात झाकण. मी परत वाचली. पुढचं तू ऐकलंसच. झाकणांच्या दणक्यानं साहेबांनी कान दाबून धरले.

आज सकाळी तो कामावर निघाला तेव्हा विचारलं, भीती वाटते का. म्हणाला, "वाटते की. डबा दे." संध्याकाळी नोकरी असेल की नसेल, माहीत नाही. असं असूनही माफीचं पत्र माझ्याकडून मिळणार नाही. हवं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला उभं करा. मी खाली बसून वाजवीन.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. स्टेजवर तू तोंड फुगवून बसला होतास. पण मी शेजारीच उभी होते, क्लीओटिस. टेबलाखाली तुझा बूट फळीवर आपटत होता, जोरात, सगळ्यांच्या बरोबरीनं.

म्हणूनच, अजून तुझी,
वर्लीनताई