दोन प्रसंगांचा खलनायक आणि शालूची सोयरीक

मु. मंठा, मंगळवार

तीर्थस्वरूप सुग्रीव दाजींच्या चरणी राधाकिसनचा दंडवत. गोजराक्काचा गुडघा कसा आहे? (तेल कोमट लावायचं, गरम नाही. मागच्या वेळी तुम्ही गरम लावलं होतं.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काही नाही.

तुमच्या धावड्याचे भिवाजीराव गेल्या आठवड्यात मुलाला घेऊन आमच्या शालूला बघून गेले. स्थळ तुम्हीच सुचवलेलं. पण ते असे घाईनं का गेले, हे त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं. फोनवर तुम्ही मधेच "बरं बरं" म्हणता, म्हणून पत्र.

त्याचं असं झालं. नवीन जालन्यातला अवधूत नावाचा तरुण सिनेमा करतोय आणि त्यात मला खलनायकाचं काम मिळालं आहे. प्रसंग दोनच. लोक हसले. पण दाजी, ज्यानं कुणाच्या हाताखाली न शिकता पाण्याच्या मोटारी खोलल्या आणि चालू केल्या, त्याला दोन प्रसंग पुष्कळ झाले. मी जुने-नवे खलनायक थांबवून थांबवून पाहिले. नायकाला गाणी, आई, रडणं, सगळं मिळतं; खलनायकाला वेळच मिळत नाही. म्हणून हुशार खलनायक आपलं काम दुसऱ्यांकडून करून घेतो. तो यायच्या आधीच बाकीचे भितात. आला की हळू बोलतो, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागतं. पापणी हलवत नाही. आणि हाताला काहीतरी घरगुती काम असतं. (ओरडणारा खलनायक म्हणजे बेअरिंग गेलेली मोटार. आवाज फार, पाणी नाही.) मी मोसंबी निवडली. संत्रं कुणीही सोलतं. मोसंबीची साल चाकूनं एकसंध उतरली पाहिजे, मधे तुटली की दहशत संपली.

आता एवढं अंगात भिनल्यावर ते पाहुण्यांसाठी काढून कुठं ठेवणार? त्यात आमच्या हिनं, नंदानं, नकळत भर घातली. मी मागच्या खोलीत सराव करत होतो, तर ही पाहुण्यांना म्हणाली, "हळू बोला हं. ते आत काम करून राह्यलेत, मधी आवाज झालेला त्यांना खपत न्हाई." शिवाय भिवाजीराव माझ्या खुर्चीवर बसले होते, त्यांना उठवून तिनं कॉटवर बसवलं. मी बाहेर आलो, बसलो, मोसंबी घेतली. (पाहुण्यांसाठीच सोलत होतो, हे कृपया त्यांना सांगा.) भिवाजीराव म्हणाले, "मंग, पोरीबद्दल काय म्हणणं तुमचं?" मी थांबलो. थांबणं हाच त्यातला खरा भाग. साल पूर्ण उतरू दिली आणि हळूच म्हणालो, "एकच पोरगी हाय. जपा."

दाजी, मनात माया होती. बाहेर काय निघालं कोण जाणे. चहा येईपर्यंत मंडळी गाडीत जाऊन बसलेली. मुलाचे मामा माझी चप्पल घालून गेले. तेव्हापासून निरोप नाही. शालूला तो मुलगा आवडला आहे, हे मला नंदाकडून कळलं. मी बसलो की शालू समोरचा चाकू तेवढा उचलून आत नेते.

तर तुम्ही त्यांच्याकडे जा आणि सांगा, राधाकिसन गरीब माणूस आहे (स्वभावानं). अक्काला नमस्कार.

आपला,
राधाकिसन

ता. क. : पाकीट चिकटवताना भिवाजीरावांचा फोन आला. होकार! तारीख तुमची, जागा तुमची, मानपान काही नको, "तुम्ही म्हणाल तसं". मी नंदाला हाक मारली. शालू मात्र रडायला लागली. म्हणाली, "पप्पा, ते मनातून हो म्हणून राह्यले, का भिऊन?" तेव्हा वर लिहिलेला निरोप राहू द्या. मुलाला एकट्याला गाठा आणि खरं काय ते विचारा. नाही म्हणाला तरी त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं माझ्या वतीनं सांगा.

आणखी एक ता. क. : शालूनं हे वाचलं. शेवटचं वाक्य बिलकुल सांगू नका म्हणते. तिनं स्वतःच मुलाला फोन लावला आहे. मी दाराबाहेर उभा राहून हे लिहितो आहे. आत ती हसते आहे. फोनमधून तोही हसतोय, बराच वेळ. बहुतेक माझ्यावरच. हसू द्या.